उकिरड्यावर टाकलेल्या बाटल्या

प्रश्न : मुलगी हुशार आहे, दहावीला ९४ टक्के होते. नीटला पहिल्या वेळी ४३८ मार्क पडले. अर्धा एकर विकून लातूरला वर्षभर ठेवलं, रिपीटला ४५१ आले. यंदा तिसऱ्यांदा बसवायचं आम्ही ठरवलं आहे. मोबाइल काढून घेतला, मैत्रिणींचं येणंजाणं बंद केलं. तिला मात्र वेगळंच वेड आहे. गावोगावच्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणते, कुणाच्या दातांवर डाग आहेत ते वहीत लिहिते आणि 'मला संशोधन करायचंय' म्हणते. आधी एमबीबीएस हो, मग मेडिकलमधलं हवं ते संशोधन कर, असं आम्ही समजावतो. गेल्या महिन्यात चिडून मी तिच्या बाटल्या उकिरड्यावर टाकल्या. तेव्हापासून ती बोलत नाही, जेवायलाही सोबत बसत नाही. तिसऱ्या प्रयत्नासाठी कोणता क्लास चांगला?
– एक पालक, किनवट तालुका

नमस्कार,

क्लासचं नाव मी सांगणार नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या उकिरड्यापाशी थांबले.

आम्ही ठरवलं, आम्ही बंद केलं, आम्ही समजावतो. सगळं पत्र असं आहे. तिच्या तोंडचं एकच वाक्य त्यात आलंय, आणि त्याला तुम्ही दिलेलं उत्तर म्हणजे बाटल्या फेकणं. तरणीताठी मुलगी महिनाभर घरात कुणाशी बोलत नाही, ताटावर येत नाही. तिच्याजवळ फोन नाही, मैत्रीण नाही. हा आता मार्कांचा प्रश्न राहिलेला नाही. आज रात्रीच तिच्यापाशी जा आणि 'माझं चुकलं' म्हणा. पुढे 'पण तुझ्या भल्यासाठीच' हे जोडू नका. फोन परत द्या. मैत्रिणींना तुम्ही स्वतः घरी बोलवा. तिची झोप उडाली असेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल तर नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, उशीर करू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

अर्धा एकर विकताना तुमच्या जिवाला काय झालं असेल, हे मला कळतं. पण त्या जमिनीचा हिशेब तिच्या ताटासमोर मांडू नका. जमीन विकायचं तिनं सांगितलं नव्हतं.

आता त्या बाटल्यांकडे येते. किनवट भागातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, हे तुम्ही तिथे राहून जाणताच. ते कारखान्यातून येत नाही, खडकातून पाण्यात उतरतं. बोअर जितकी खोल आणि पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरलेलं, तितकं ते वाढण्याची शक्यता जास्त. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. दात तयार होण्याच्या वयात याहून बरंच जास्त पोटात गेलं की कवचावर डाग पडतात आणि ते जन्मभर जात नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालं तर हाडं आणि सांधे आखडू शकतात.

तुमची मुलगी नेमकी इथे उभी आहे. डाग आणि सांधे पाहिले तर हा वैद्यकाचा प्रश्न, खडक आणि भूजल पाहिलं तर पर्यावरणाचा. पाण्यातून फ्लोराइड काढायचं कशानं, हा मटेरियल सायन्सचा, म्हणजे कामाला येणारे पदार्थ शोधण्याच्या शास्त्राचा. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते काढण्याची 'नालगोंडा' पद्धत आपल्या नागपूरच्या 'नीरी' या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवली. ती स्वस्त आहे, पण तिच्यात गाळ खूप उरतो आणि पाण्यात अ‍ॅल्युमिनियम राहण्याची भीती असते. सक्रिय अ‍ॅल्युमिना हा फिल्टरमध्ये भरायचा पदार्थ फ्लोराइड धरून ठेवतो, पण काही काळानं तो भरतो, मग रसायनानं धुऊन पुन्हा तयार करावा लागतो. हे काम गावात कोण करणार? म्हणून फिल्टर बसतो आणि काही महिन्यांनी बंद पडून राहतो. जास्त फ्लोराइड धरणारा, सहज धुता येणारा, गावाला परवडणारा पदार्थ लोक अजून शोधत आहेत. कुठल्या बोअरचं पाणी कोण पितं आणि कुणाच्या दातांवर डाग आहेत, याची वही हे त्या शोधातलं पहिलं काम. कुणी न सांगता तिनं ते सुरू केलंय. बाटल्या गेल्या, ती वही तरी जपून ठेवा.

'आधी एमबीबीएस, मग संशोधन' हा समज घराघरात आहे, आणि तो चुकीचा आहे. एमबीबीएस रुग्ण तपासायला शिकवतं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग पीजीची प्रवेश परीक्षा, त्यात प्रयोगशाळेला जागा फार थोडी. २०२३चं वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या कॅटलिन कारिको डॉक्टर नाहीत, जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत. आणि डॉक्टरनं संशोधन केलं तरी ते एकट्यानं होत नाही. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. वलियाथन या शल्यविशारदांनी हृदयाची कृत्रिम झडप करायला घेतली. पहिले तीन नमुने फसले, कुठे धातू तुटला, कुठे तबकडी. चौथ्या नमुन्यात खास पॉलिएथिलीनची, म्हणजे एका प्लॅस्टिकची तबकडी टिकली आणि डिसेंबर १९९०मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसली. या यशात पदार्थ जाणणाऱ्या अभियंत्यांचा वाटा शल्यविशारदाइतकाच आहे. शिवाय जिला रुग्णांची ओढ नाही तिला ओढूनताणून डॉक्टर केलं, तर उद्या तिच्यासमोर बसणाऱ्या रुग्णाचंही त्यात नुकसान आहे.

वाटा थोडक्यात सांगते. बारावीनंतर थेट विज्ञान-संशोधन शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत. त्यांतल्या आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. नाहीतर नांदेडलाच केमिस्ट्री घेऊन चांगलं बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. तिच्यासाठी मला ही शेवटची वाट जास्त पटते, कारण आणखी एक स्पर्धा परीक्षा लगेच तिच्या डोक्यावर नको. आयएटीत गणिताचेही १५ प्रश्न असतात आणि बारावी होऊन किती वर्षं झाली यालाही मर्यादा असते. माहितीपत्रक आताच पाहा, तिसऱ्या नीटमध्ये ते दार बंद होऊ शकतं.

पैशाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. पीएचडीसाठी लाखो रुपये भरावे लागतात हा गैरसमज काढून टाका. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची सरकारी फेलोशिप मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. मात्र वाट लांब आहे. एमएस्सीपर्यंत पाच वर्षं, पुढे पीएचडीची पाच-सहा. फेलोशिप कधी महिनोन्‌महिने रखडते, कायम नोकऱ्या थोड्या आहेत, आणि मधल्या काळात नातेवाईक लग्नाचं विचारत राहणार. हे मी तिलाही असंच स्पष्ट सांगेन. ऐकून तिनं नको म्हटलं तर तेही मान्य करा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. नव्या बाटल्या तिच्यासोबत फिरून तुम्ही भरा, प्रत्येकीवर गावाचं आणि बोअरचं नाव ती लिहील. एक दिवस काढून दोघं तिथे जा. खिडकीवर तिला बोलू द्या, तुम्ही बाटल्यांची पिशवी धरा. अहवाल आला की त्यातले आकडे आणि तिच्या वहीतली पानं मला पाठवा, पण या वेळचं पत्र तिला लिहू द्या.