रग्बीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संघ वाढवून अगदी नवा व्यावसायिक संघ घेतला, तर तो टिकतो का, की नुसता मार खातो?

भाऊ, पहिल्या वर्षी मार बहुतेक खातोच. पण टिकणं त्या मारावर ठरत नाही. संघाचं घर कुठे आहे आणि घरची पोरं त्यात राहतात का, यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. मी चोपड्याकडे शाळेतल्या पोरांना कबड्डी शिकवतो. रग्बी बघायला लागलो ते पकडीसाठी. धावत्या गड्याच्या कमरेखाली खांदा घालून त्याला खाली आणणं आमच्या पोरांना न सांगता कळतं.

सुपर रग्बी, म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या व्यावसायिक संघांची स्पर्धा, 2016 मध्ये 15 संघांवरून 18 वर गेली. जपानचा सनवुल्व्ह्ज नवा होता. एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत तिथल्या चीताज संघाने त्यांना 92-17 असं धुतलं. आठच दिवसांनी त्यांनी टोकियोत अर्जेंटिनाच्या जॅग्वारेसला, म्हणजे दुसऱ्या नव्या संघाला, 36-28 ने हरवलं. त्या मोसमात तेवढा एकच विजय. संघ जपानचा, पण गटात घातला दक्षिण आफ्रिकेच्या संघांसोबत, आणि घरचे म्हणून काही सामने सिंगापुरात. खेळाडूंची खरी भाकरी टोयोटा, सनटोरीसारख्या कंपन्यांच्या संघांत. पाच मोसमांत खेळ आटोपला. तरी मी त्याला वाया गेलं म्हणणार नाही. 2019 च्या विश्वचषकात जपान पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेला, त्यातले बरेच गडी सनवुल्व्ह्जमध्ये असाच मार खाऊन तयार झालेले होते.

जॅग्वारेस म्हणजे जवळपास अर्जेंटिनाचा राष्ट्रीय संघच. ते 2019 मध्ये थेट अंतिम सामन्यात पोचले.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो फिजीचा द्रुआ. द्रुआ म्हणजे तिकडची जोडहोडी, दोन होड्या एकत्र बांधलेली. फिजीकडे 2016 चं ऑलिंपिक सुवर्ण होतं, पण व्यावसायिक संघ नव्हता. पोरगा चमकला की फ्रान्स, जपान, न्यूझीलंडला जायचा. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. धुळे-नंदुरबारची अर्धी गावं सुरतेला पोटासाठी गेलीत, आणि माझा चांगला चढाईपटू बारावी झाली की पुण्याला जातो. मी अडवत नाही, कशाच्या जोरावर अडवू?

द्रुआ सुपर रग्बीत 2022 मध्ये आला. कोरोनामुळे मुक्काम ऑस्ट्रेलियात पडला, विजय दोनच मिळाले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये न्यूझीलंडचा क्रुसेडर्स संघ, गतविजेते, फिजीत लाउटोकाला आले. लाउटोका उसाचं गाव आहे. 1879 ते 1916 या काळात आपल्या देशातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर फिजीत नेले, ते असल्याच उसाच्या मळ्यांत राबले. तिथल्या उन्हात, घरच्या गर्दीपुढे द्रुआ 25-24 ने जिंकला. त्याच मोसमात ते उपांत्यपूर्व फेरीतही गेले.

म्हणून कोणताही नवा संघ जाहीर झाला की मी आधी वेळापत्रक काढून घरचे सामने कुठे आहेत ते बघतो. मग त्या मातीतले गडी किती, आणि त्यांचा पगार कोण देतो. पहिल्या वर्षीची गुणतालिका मी सगळ्यात शेवटी बघतो. तुम्ही विचारता तो संघ कुठला, तेवढं टाका. वेळापत्रक बघून सांगतो.