आजार नंतर, आधी ट्रेसर

प्रिय,

पेट स्कॅनवरच्या पीएचडीसाठी ब्रेन ट्यूमर घेऊ की डिप्रेशन, असं विचारलं आहेस. मी म्हणेन, आजार नंतर ठरव. आधी ट्रेसर बघ, म्हणजे शरीरात टोचतो तो किरणोत्सारी रेणू, ज्याचा माग स्कॅनर काढतो: तो मेंदूत कुठून शिरतो आणि कशाला चिकटतो?

एफडीजीचंच घे, म्हणजे ग्लुकोजसारख्या ट्रेसरचं. बाकीच्या शरीरातल्या बऱ्याच कॅन्सरसाठी तो हुकमी, पण निरोगी मेंदूच मुळात ग्लुकोज भरपूर खातो. त्या उजेडात लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूतला हळू वाढणारा ट्यूमर, ही दिवाळीच्या रोषणाईतली एक पणती. म्हणून लोक मेथिओनिन, एफईटी अशा अमिनो आम्लांकडे वळले. ट्यूमरच्या पेशी ती ओढून घेतात, शेजारचा निरोगी मेंदू त्या मानाने कमी. रेडिएशननंतर एमआरआयवर दिसणारा डाग म्हणजे ट्यूमर परतला की उपचाराचाच परिणाम, या प्रश्नात एफईटीची खरी मदत होते. मेथिओनिनवरच्या किरणोत्सारी कार्बन-११चा अर्धायुकाल मात्र जेमतेम २० मिनिटं, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच हवं. फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटं देतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातलं पहिलं पेट आलं, तेव्हा सोबत सायक्लोट्रॉनही आला तो याचसाठी. ट्रेसर बनवणाऱ्या रेडिओकेमिस्टशी दोस्ती ठेव. तुझं वेळापत्रक तेच ठरवतात.

डिप्रेशनमध्ये बोट ठेवावं अशी गाठच नसते. असतो तो दोन गटांच्या सरासरीतला फरक, आणि तो कशाच्या तुलनेत मोजला यावर सगळं अवलंबून. मेंदूतलं रसायन सेरोटोनिन जिथे चिकटतं त्या ५-एचटी१ए रिसेप्टरवर, डब्ल्यूएवाय-१००६३५ हाच ट्रेसर वापरून, ड्रेव्हेट्स यांच्या गटाला १९९९ मध्ये रुग्णांत बंधन, म्हणजे ट्रेसरचं चिकटणं, कमी दिसलं. पार्सी यांच्या गटाला २००६ मध्ये, कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांत, जास्त दिसलं. वाद बराचसा संदर्भ म्हणून घेतलेल्या लहान मेंदूवर आणि गणिताच्या पद्धतीवर होता. दोन्ही पेपर शेजारी ठेवून फक्त 'मेथड्स' वाच. निष्कर्ष नंतर.

तरीही एकाच विषयात दोन्ही आजार हवे असतील तर टीएसपीओ हे प्रथिन बघ. टोरांटोच्या गटाने २०१५ मध्ये डिप्रेशनचे २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं त्याला चिकटणारा एफईपीपीए हा ट्रेसर देऊन तपासली. रुग्णांच्या मेंदूतल्या काही भागांत ट्रेसर सुमारे ३० टक्के जास्त दिसला. लगेच 'मेंदूला सूज' अशी चर्चा झाली. मला हे घाईचं वाटतं. टीएसपीओ मायक्रोग्लियात, म्हणजे मेंदूच्या संरक्षक पेशींत असतो, तसाच अ‍ॅस्ट्रोसाइट्स या आधार देणाऱ्या पेशींत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि खुद्द ग्लायोमाच्या पेशींतही. शिवाय आरएस६९७१ या जनुकीय फरकामुळे काही माणसांत असे नवे ट्रेसर फारच कमी चिकटतात. जनुकचाचणीशिवाय स्कॅन केलास, तर आजार मोजला की जनुकातला फरक, हे कळणार नाही.

स्कॅनसाठी येणारा माणूसही ध्यानात ठेव. पूर्ण मोजमापासाठी मनगटाच्या धमनीत नळी घालून त्याला दीड-दोन तास न हलता पडून राहायचं असतं. ट्यूमरच्या रुग्णाला निदान त्या चित्रावरून पुढचा उपचार ठरेल अशी आशा असते. डिप्रेशनचा रुग्ण उठल्याबरोबर विचारेल, "माझ्या मेंदूत काय दिसलं?" एकट्याच्या स्कॅनवरून डिप्रेशन आहे की नाही हे आजही सांगता येत नाही. तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं ते प्रोटोकॉल लिहितानाच ठरव, आणि संमतीपत्रात साध्या मराठीत घाल.

तुझी,
मॅडम