पाणी-प्रश्न : गाळानं भरलेली विहीर, गावाचा ताळेबंद आणि चारशे फुटांचं बोअर

प्रश्न : विहिरीशेजारी दोन खड्डे घेऊन शेतातलं पावसाचं पाणी आत सोडलं. पहिल्या वर्षी फायदा झाला. यंदा पाणी गढूळ आहे, तळात हातभर गाळ आहे आणि खड्डा तुंबलाय. काय चुकलं?
– एक शेतकरी, ता. सिन्नर

उत्तर : बहुधा दोन्ही खड्डे दगडांनी भरले असावेत. पहिला खड्डा (साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल) रिकामाच हवा. पाणी तिथं थबकतं, गाळ खाली बसतो आणि पाऊस उघडला की फावड्यानं काढता येतो. दगड भरले तर तो काढणार कसा?

गाळणी दुसऱ्या खड्ड्यात. हा विहिरीपासून दोन-तीन मीटरवर, लांबी-रुंदी-खोली दोन-दोन मीटर. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. थर उलटे पडले की वाळू पाइपातून थेट विहिरीत जाते. तळातून चार इंची पीव्हीसी पाइप काढा, आतल्या टोकाला छिद्रं पाडून नायलॉनची जाळी गुंडाळा. विहिरीतलं टोक कडेपासून फूटभर पुढं ठेवा, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळून कच्ची कड ढासळते.

दर वर्षी पावसाळ्याआधी वाळूचा वरचा 10 ते 15 सेंटिमीटर थर काढून धुवा. हे राहून गेलं की गाळणी तुंबते, आणि ते हमखास राहून जातं. पहिले एक-दोन मोठे पाऊस बाहेर वळवा. सैल माती, खत, तणनाशक सगळं त्यातच वाहून येतं. जमीन भारी काळी असेल तर तिचे बारीक कण वाळूलाही दाद देत नाहीत. तिथलं पाणी बांधावर किंवा शेततळ्यात अडवलेलं बरं. पिण्याच्या विहिरीत मात्र शेताचं पाणी सोडूच नका.

प्रश्न : ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचाय. सुरुवात कुठून करू?
– एक ग्रामपंचायत सदस्य, ता. पारनेर

उत्तर : पर्जन्यमापकापासून. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, अर्थात 10 हजार लिटर पाणी. गाव 1000 हेक्टरचं आणि पाऊस 500 मिलिमीटर असेल तर 50 लाख घनमीटर झाले. आकडा ऐकून सभा खूश होईल, पण बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, भागात त्यातलं ढोबळमानानं दहावा हिस्साच जमिनीत मुरतं. म्हणजे 5 लाख.

आता खर्च. 2000 माणसांना रोजी 55 लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे 40 हजार घनमीटर, हजार मोठ्या जनावरांना 50 लिटरप्रमाणे 18 हजार. हे आधी बाजूला काढा. उरले साधारण 4 लाख 40 हजार. पाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी 22 हजार घनमीटर धरले तर एवढ्यात 20 हेक्टर ऊस होतो. हरभऱ्याला सात सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दोन पाळ्या दिल्या तर तेच पाणी 300 हेक्टरांहून जास्त क्षेत्राला पुरतं. हे दोन आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा.

हे प्रत्यक्षात सगळं उपसता येत नाही. काही पाणी ओढ्याला लागतं. ऑक्टोबरात चार-पाच ठरावीक विहिरींची पातळी दोरीनं मोजून आकडा तपासा आणि रब्बीची पेरणी त्यावर ठरवा. तुमच्या शेजारच्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केलं आणि उसावर बंदी घातली. हिशेबाला असा नियम जोडला नाही, तर आकडे वहीतच राहतात.

प्रश्न : विहीर आटते. चारशे फुटांचं बोअर घ्यावं का?
– एक वाचक, बीड

उत्तर : नको. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास 200 फुटांपेक्षा, खोल बोअरला राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यानं मनाई आहे. शिवाय काळ्या पाषाणात पाण्याचा मुख्य साठा वरच्या मुरुमात आणि झिजलेल्या खडकात असतो. खालच्या फटीत पाणी लागलंच, तर ते बरेचदा वरूनच, कदाचित शेजाऱ्याच्या विहिरीतूनही, आलेलं असतं.

आधी विहीर उपसून ती किती तासांत भरते ते मोजा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर चढलं म्हणजे सुमारे 28 हजार लिटर आले. त्याला दहा तास लागले तर आवक तासाला 2800 लिटर. मोटर आणि पीक त्या मापानं निवडा.