जॉयस्टिकच्या स्टँडसाठी पिग्मी मोडू का?

संकेश्वरहून एका वाचकाने विचारलंय. वय ३४, मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घरात आई, बायको आणि पहिलीतली मुलगी. रविवारी बेंचरेस्ट नेमबाजीचा सराव: टेबलावर एअर रायफल, पुढे स्टँड, मागे वाळूची पिशवी, २५ मीटरवर २५ वर्तुळांचा कागद. त्यांना पुढचं स्टँड, म्हणजे फ्रंट रेस्ट, परदेशातून मागवायचंय. एकाच दांड्याने वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलणारं, जॉयस्टिकचं. किंमत ६२,०००, कुरिअर १४,०००, ड्युटीला १४,००० धरून एकूण ९०,०००. पिग्मीत ५४,००० साठलेत. ते मोडायचे आणि उरलेले ३६,००० क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर टाकायचे, असा बेत आहे.

माझं उत्तर नको असं आहे. या पैशांनी तर नकोच.

पहिली गोष्ट, तुमचा हिशेब ९० हजारांत बसत नाही. ड्युटी तुम्ही नुसत्या स्टँडच्या किमतीवर धरलीत. ती कुरिअरचं भाडं आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर लागते, म्हणजे ६२,००० पेक्षा बऱ्याच मोठ्या रकमेवर. मग किंमत अधिक ड्युटी, या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरलेत की बँक वर साधारण साडेतीन टक्के घेते, त्यावर पुन्हा जीएसटी. हप्ते सुरू असताना एखादं बिल थकलं तर महिना साधारण साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं. साधा हिशेब केला तरी वर्षाला ४२ टक्के.

पण मला खरी काळजी तुमच्या दुकानाची आहे. रिवाइंडिंगचा धंदा उन्हाळ्याचा. विहिरींवरच्या मोटारी फेब्रुवारी ते मे जळतात, पाऊस लागला की दुकानात माशा मारायच्या. तुम्हीच लिहिलंय की सीझनच्या तोंडावर तांब्याची तार पिग्मीच्या पैशांतून रोखीने भरता. ती मोडलीत तर तार उधारीवर घ्यावी लागेल आणि उधारीचा भाव काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मुदतीआधी मोडल्याबद्दल पतसंस्था व्याज कापेल ते वेगळंच. तुम्ही ५४,००० ला शिल्लक म्हणताय. माझ्या लेखी तो तुमचा कच्चा माल आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र खरा आहे. असं स्टँड एकदा घेतलं की जन्मभर टिकतं, आणि २५ वर्तुळांवर एकामागून एक नेम धरताना जॉयस्टिकने वेळ वाचतो. पण परदेशातून मागवताना आपण पैसे कशाचे मोजतो ते पाहा. स्टँड हलू नये म्हणून ते जड असतं, म्हणजे बऱ्याच अंशी आपण लोखंडाचं विमानभाडं भरतो. आणि बेळगाव जिल्ह्यात बसून! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या आणि लेथवाले असताना!

तेव्हा स्टँड करून घ्या. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम भंगाराच्या भावात मिळतो, तोच बैठक म्हणून वापरा. तीन पाय, प्रत्येकाला टोकदार बोल्ट आणि लॉकनट. मधोमध वर-खाली करणारा स्क्रू, आणि पैसे खर्चायचे ते इथे. तुमच्या पुढच्या आणि मागच्या आधारात ६० सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे पुढचा भाग १ मिलिमीटर उचलला की २५ मीटरवर नेम सुमारे ४२ मिलिमीटर सरकतो. चोवीस एमएमच्या साध्या बोल्टचे आटे ३ मिलिमीटर पिचचे असतात, म्हणजे एका फेऱ्यात बोल्ट ३ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एका फेऱ्यात नेम १२५ मिलिमीटर पळेल. दीड पिचचे बारीक आटे पाडून घ्या, पळ निम्मी होईल. नट गनमेटलचा (एक प्रकारच्या कांशाचा) आणि घट्ट हवा, त्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा नको. वर हाताएवढं मोठं चाक लावा, म्हणजे बोटाला बारीक हालचाल साधेल. शेवटचा केसभर फरक मागची पिशवी मुठीत दाबून काढता येतो, तो तुम्ही आजही तसाच काढत असाल.

पुढची पिशवी चामड्याची लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्यात बेळगाव जिल्हाही आहे, आणि अथणीचे कारागीर तुमच्याच जिल्ह्यातले. रायफलच्या लाकडाचं माप घेऊन जा. वाळू चाळून तव्यावर कोरडी करा, ठासून भरा आणि वरून टाल्कम पावडर चोळा. सगळं मिळून दहा-बारा हजारांत व्हावं. लेथवाल्याकडून मात्र आधी लेखी भाव घ्या, कामाच्या मध्यात 'अजून थोडं लागेल' ऐकायची वेळ नको. हे पैसे मेच्या कमाईतून द्या, पिग्मी चालू ठेवा.

पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या स्पर्धेची नियमावली आधी वाचा. पुढचा आणि मागचा आधार एकमेकांना जोडलेला काही ठिकाणी चालत नाही.

आणि दर रविवारचे कागद तारीख घालून जपून ठेवा. छिद्रं आडवी पसरली असतील तर बहुधा वारा आहे, त्यावर काठीला बांधलेली रंगीत फीत लाखाच्या स्टँडपेक्षा जास्त उपयोगी पडते. उभी पसरत असतील तर छऱ्यांचा वेग किंवा पिशवी तपासा. सगळं जागेवर असून वेळेअभावीच गुण जातायत असं कागदांवर दिसलं, तर जॉयस्टिकसाठी वेगळी पिग्मी उघडा, रोजचे ५० रुपये. तेव्हा मी आडवा येणार नाही.

ड्रम घेताना तो दोरीला टांगून हातोडीने वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर घ्या. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, दुसरा शोधा.