सनस्क्रीन लावूनही चेहरा काळवंडतो, तो का?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. स्कूटीवरून रोज १२ किलोमीटर जाते-येते. एसपीएफ ५० लावते, वरून स्टोल बांधते, तरी गालांवर वांग वाढतच चाललेत. ५० ग्रॅमची ट्यूब मला चार महिने पुरते. आता याहून जास्त एसपीएफचं घेऊ का? (परभणी)

उत्तर : ताई, ट्यूब चार महिने पुरते, दुखणं तिथंच आहे. याचा अर्थ दिवसाला अर्धा ग्रॅमसुद्धा लागत नाही. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा, आकडा काढतात तो दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. त्यापेक्षा पातळ थर दिला की ५० चं संरक्षण कितीतरी खाली येतं. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ने सुमारे ९८. म्हणून आकडा वाढवण्यात पैसे घालू नका, माप वाढवा.

माप सोपं आहे. तर्जनी आणि मधल्या बोटावर, टोकापासून मुळापर्यंत, क्रीमच्या दोन भरगच्च रेघा ओढा. एवढं सगळं चेहरा आणि मानेला. एकदम लावलं तर पांढरं दिसतं आणि आपण पुसून टाकतो, म्हणून आधी एक रेघ लावा, दोन मिनिटांनी दुसरी. चोळून जिरवायचं नाही, थापत पसरायचं. कान, मानेची मागची बाजू आणि वरच्या ओठावरची जागा हमखास सुटते. ओठावरचा वांग तिथूनच गडद होतो. या मापानं दिवसातून एकदा लावलं तर ट्यूब दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी.

स्टोल लगेच बांधलात तर अर्धं क्रीम त्यालाच लागतं. पंधरा-वीस मिनिटं सुकू द्या. शिवाय सकाळची शाळा सुटते तेव्हाच आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो, साधारण सव्वाबारा-साडेबाराला. सकाळी सातला लावलेलं तोवर टिकत नाही. निघण्याआधी तोंड पुसून पुन्हा दोन रेघा लावाच.

वांगासाठी आणखी एक गोष्ट. तो नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वाढतो. साधं सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही. घटकांत ‘आयर्न ऑक्साइड’ असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या आणि त्यावर पीए+++ किंवा पीए++++ आहे का पाहा. पीए म्हणजे यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण. ती काचेतूनही आत येतात, त्यामुळे वर्गात खिडकीशी बसणाऱ्यांनीही लावावं.

प्रश्न : आई आणि वहिनी दिवसभर खुरपायला जातात. घामानं क्रीम डोळ्यांत उतरतं, आग होते. आणि एवढं क्रीम परवडतही नाही. (केज, जि. बीड)

उत्तर : भाऊ, शेतात पहिलं काम कापडाचं. साडीवर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात ना, तो उत्तमच आहे. फक्त कापड उजेडाकडे धरून पाहा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं. विरलेला पांढरा सुती कपडा घामानं भिजला की आणखी कमी अडवतो. दाट विणीचा, गडद रंगाचा बरा. मग क्रीम लागतं ते फक्त नाक, गाल आणि हातांच्या पाठीला. ते ‘वॉटर रेझिस्टंट’ असलं तरी घामात ४० किंवा ८० मिनिटांचाच भरवसा असतो. कपाळाला क्रीम न लावता रुमाल बांधा, घाम तिथंच जिरेल. डोळ्यांजवळ झिंक ऑक्साइडचं लावा, ते सहसा चुरचुरत नाही.

पापण्या, मान, कोपराचे सांधे खाजून जाड आणि काळे पडत असतील, तर बांधावरच्या गाजरगवताची अ‍ॅलर्जी असू शकते. उन्हानं ती भडकते, पण नुसत्या सनस्क्रीननं बरी होत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा, आणि ते काम अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला देऊ नका.

प्रश्न : मेडिकलमधून मैत्रिणीनं आणलेली क्रीम लावून महिन्यात उजळले. आता उन्हात गेलं की तोंड लाल होतं. (लातूर)

उत्तर : ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलंय का पाहा. ही स्टेरॉइडं आहेत. त्यांनी त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात. सोबत ट्रेटिनॉइन (त्वचेचा वरचा थर सोलणारं औषध) असेल तर ऊन आणखी बाधतं. बंद केल्यावर चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. त्या चक्रात अडकू नका. ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. उतारा म्हणून लिंबू तर मुळीच चोळू नका, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की फोड येतात आणि डाग महिनोन् महिने राहतात.

प्रश्न : चार महिन्यांच्या बाळाला लावावं का? (नांदेड)

उत्तर : नको. सहा महिन्यांपर्यंत सावली, टोपडं आणि अंगभर सैल सुती कपडे. तुमची स्वतःची ट्यूबही गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं क्रीम फाटतं. पाणी आणि तेल वेगळं दिसलं तर टाकून द्या.