कोकणात गावी वापरायला जुनी स्टेशन वॅगन घ्यावी का?

घ्या. खालून सडलेली नसली म्हणजे झालं, बाकी सगळं दुरुस्त होतं.

तुम्ही लिहिलंय की गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, बजेट दीड लाखापर्यंत, २००८ची टाटांची इंडिगो मरीना डिझेल बघून ठेवलीय, मायलेज काय पडेल, देखभाल किती. आणि शेवटी लिहिलंय, घरचे म्हणतायत उद्या विकायची झाली तर कोण घेणार? हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. माझ्या अंगणात मरीना आली त्या दिवसापासून हेच ऐकतोय. माझा चुलत भाऊ, आमचा दादा, डोंबिवलीला असतो. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही उद्या कोण घेतलो रे?" गाडी कशी चालते, किती सामान घेते, एक शब्द नाही. आधी विकायची गोष्ट.

ही गाडी स्वस्त का मिळते ते नीट समजून घ्या, म्हणजे घरच्यांना उत्तर देता येईल. मरीना आली २००४मध्ये. इंडिगोच्याच सांगाड्यावर, डिकी काढून छत मागेपर्यंत नेलेलं, म्हणजेच स्टेशन वॅगन. त्याआधी १९९२मध्ये टाटांचीच इस्टेट येऊन गेली होती. त्यानंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपलची कोर्सा स्विंग आली. यातली एकही वॅगन धड खपली नाही. आपल्याकडे मागे डिकी दिसली तरच ती मोठी गाडी, नाहीतर लोकांना शववाहिका वाटते. त्यात २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आलं. मग जो तो गाडी आखूड करायला लागला. टाटांनी स्वतः २००८मध्ये इंडिगोचं शेपूट कापून सीएस काढली. मरीना चार मीटरच्या वर, ती मागे पडली. लोकांची हौस आणि करांचा हिशोब यात ती मेली. गाडी वाईट म्हणून नव्हे.

आता माझा अनुभव. आमचे बाबा दशावतारात पेटी वाजवतात. एका कार्तिकात सावंतवाडीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात मंडळाचा जत्रेचा खेळ होता. मंडळाचा टेम्पो आमच्याच तिठ्यावर बसला, मागचा पाटा तुटला. दिवस मावळलेला, आभाळ भरून आलेलं. नटमंडळींचं काही नाही, कोणी रिक्षाने जाईल, कोणी मोटारसायकलवर मागे बसून जाईल. प्रश्न पेटाऱ्याचा.

तुम्ही त्याच बाजूचे, तेव्हा पेटारा म्हणजे काय ते सांगायला नको. शालू, मुकुट, टोप, गदा, तलवारी, गणपतीचा मुखवटा, सगळा खेळ त्यात. त्याची पूजा होते. आजोबांच्या काळी तो डोक्यावरून चालत नेत. आमच्या मंडळात तो कलता केलेला कोणाला चालत नाही.

दादा जत्रेसाठी नवी सात सीटर घेऊन आला होता. त्याने स्वतःहून गाडी पुढे आणली, त्याबद्दल त्याला नाव ठेवणार नाही. तिसरी रांग पाडली. पण पाडली तरी ती सीट जमिनीत जात नाही, मध्ये उंचवटा राहतोच. वरून मागचं दार एवढं उंचावर, की पेटारा पार कमरेच्या वर उचलायचा आणि आत घालताना तिरका करायचा. मंडळींनी खटपट करून बघितली. बाबा एवढंच म्हणाले, "पेटारो आडवो करूचो नाय." मग टपावरच्या कॅरियरचा विचार निघाला. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. ताडपत्री कितीही आवळली तरी वाऱ्याने एक कोपरा सुटतोच, आणि जरीच्या कपड्यांना पाणी लागलं की संपलं. शिवाय एवढं वजन टपावर घेऊन वळणावळणाच्या रस्त्याने रात्री जायचं, हे मला तरी पटेना.

मी मरीना मागे घेतली. मागची सीट पाडली की पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत मोकळी जागा. उंबरठा गुडघ्याच्या जरासा वर. चौघांनी पेटारा उचलला आणि जसा उभा होता तसा आत सरकवला. खाली गोधडी होतीच. दोन्ही अंगांनी सुंभाने आवळून पुढच्या सीटच्या पायांना बांधला. शेजारी बाबांची पेटी. बाबा पुढे बसले, मांडीवर मृदंग. दार लागलं. बाहेर पाऊस, आत सगळं कोरडं.

देवळाकडचा शेवटचा चढ वाईट होता. जांभ्याचे चिरे वर आलेले आणि मध्ये लाल चिखल. मागे वजन असलं की ही गाडी मागून बसते, तेव्हा सायलेन्सर दगडाला लागू नये म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून पहिल्या गिअरात हळूहळू चढवली. एवढं एक मान्य, भरलेल्या वॅगनचं पोट जमिनीला जवळ येतं. पालखीची प्रदक्षिणा संपायच्या आत पोचलो. पेटारा मंडपात टेकला, पूजा झाली, गणपती वेळेवर नाचला. खेळ उजाडेपर्यंत चालला आणि बाबा तोवर पेटीवरून उठले नाहीत.

पहाटे देवळाबाहेर चहा घेताना दादा काय म्हणाला? "वर्षाच्या एका रातीसाठी गाडी घेतत काय रे?"

त्याला तेव्हा दिलं तेच उत्तर इथे देतो. एका रात्रीसाठी कोणी घेत नाही. मार्च-एप्रिलात माझ्या काजू बीची पोती कारखान्यावर कोण नेतं? मे महिन्यात कोकमाच्या क्रेट, जूनच्या तोंडावर भाताचं बियाणं आणि खत, गणपतीत मंडळाचे माईक आणि बाजारहाट, शाळेच्या दिवसांत पोरांच्या सायकली. एकदा तर आजारी वासरू गुरांच्या डॉक्टरकडे नेलंय, खाली पेंढा घालून. आणि दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून सीट उभी केली की त्याच गाडीतून घरची पाच माणसं लग्नाला जातात. टेम्पो घेतला असता तर लग्नाला रिक्षा बघावी लागली असती. हॅचबॅक घेतली असती तर प्रत्येक पोत्याला भाडं.

विकण्याचं म्हणाल तर सरळ हिशोब करा. दीड लाखाची गाडी दहा वर्षं वापरली आणि शेवटी भंगारात घातली, काहीही आलं नाही असं धरा. वर्षाला पंधरा हजार. सहा-सात लाखांची नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत उतरते तेवढ्यात ही आख्खी येते. विकताना किंमत येत नाही हे खरंच आहे, पण त्याच कारणाने ती तुम्हाला घेतानाही कमी पैशात मिळतेय. घरचे अर्धं वाक्य बोलतात.

आता बघायचं काय. टायर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम याला भुलू नका. आपल्याकडे खारा वारा आणि लाल माती मिळून पत्रा खातात, आणि खातात ते आतून. चारही पायांखालची मॅट आणि खालचा गालिचा उचलून फ्लोअरवर बोटाने ठोका. दारांच्या खालची सिलची पट्टी बघा. मागच्या चाकांच्या कमानी, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा बघा. वॅगनमध्ये आणखी दोन जागा हमखास जातात: मागच्या मोठ्या दाराची खालची कडा आणि स्टेपनीचा खड्डा. खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर दाराचं रबर गेलंय. खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, गंजावर कोटिंग मारलं की ओल आतच राहते आणि पत्रा जास्त वेगाने जातो.

गाडी चिपळूण-खेडकडून आलेली असेल तर आणखी एक. २२ जुलै २०२१च्या पुरात तिथे असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यातल्या धुऊन पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात गाळ आहे का बघा.

इंजिन ते १४०५ सीसीचं टर्बो डिझेल असेल तर घाबरू नका. हीच इंजिनं वर्षानुवर्षं टॅक्सीला चालली, त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीत मिस्त्रीही मिळतो आणि सुटे भागही. अडचण येते ती फक्त मरीनाच्या मागच्या भागांची. मागची काच, मागचे दिवे, मागचं दार हे इंडिगोचं चालत नाही. म्हणून हे तिन्ही धड असलेलीच गाडी घ्या. मागचा वायपर चालायला हवा, कारण उभ्या पाठीच्या गाडीत चाकांचा चिखल हवेने ओढला जाऊन थेट काचेवर बसतो, पावसात मागचं काही दिसत नाही. मागचं दार वर धरणारे गॅसचे दांडे जुन्या गाडीत मेलेलेच असतात, ते बदला, काठी लावून दिवस काढू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्या आठवड्यात बदला. कूलंटचे पाइप आणि रेडिएटरचा पंखा घाट चढवण्याआधी तपासा.

आणल्यावर दर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याचा फवारा, सिल आणि दारांची भोकं तारेने मोकळी, मग खालून ऑइल. समुद्राकडे तोंड करून ठेवू नका, माडाखाली तर नकोच. आंब्याखाली ठेवलीत तर काचेखालच्या जाळीतली पानं दर आठवड्याला काढा, नाहीतर पाणी आत येतं. पावसात गाडी आठवडाभर बंद ठेवली की बेल्टला बुरशी आणि वायरींना उंदीर लागतात.

मायलेज विचारलंत. पंधराच्या आसपास धरून चला, भरलेल्या गाडीने घाट असेल तर कमी.

कागदांचं मात्र हलक्यात घेऊ नका. २००८ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं उलटली. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आरसी बुकात बघा. ते पाच वर्षांचं मिळतं आणि त्याची फी एप्रिल २०२२पासून पाच हजार आहे, वर पर्यावरण कर वेगळा. २०२५पासून वीस वर्षांवरच्या गाडीला हीच फी दहा हजार झालीय, आणि तुमची गाडी त्या वयाला लवकरच पोचेल. नूतनीकरण न झालेली असेल तर ते विकणाऱ्याला करायला लावा आणि मगच मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्या.

आणखी काही राहिलंच. वजनाचं भान ठेवा. पाच माणसं आणि त्यांच्या पिशव्या, म्हणजे साधारण चारशे किलो, एवढंच तिचं बळ. काजू बीचं पोतं ऐंशी किलोच्या घरात असतं, तेव्हा चालवणारा आणि चार पोती, बस. मागच्या टायरला हवा वाढवा. मागे जाळी नसते, करकचून ब्रेक मारला की न बांधलेलं सगळं तुमच्या मानेवर येतं, म्हणून पेटारा असो की पोतं, बांधायचंच. लांब बांबू नेताना मागचं दार उघडं ठेवून चालवू नका, धूर आत ओढला जातो आणि तो विषारी असतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत आपला माल आणायला हरकत नाही, दुसऱ्याचा माल भाड्याने नेऊ नका. आणि या वयाच्या बहुतेक मरीनात एअरबॅग नसते. रोज मुंबई-गोवा महामार्गावर पोरांना घेऊन लांब पल्ला मारायचा असेल तर ही गाडी नको, नवीच घ्या. गाव, बाजार, शेत, देऊळ, पाहुणे एवढ्यासाठी विचारत असाल तर कालच घ्यायला हवी होती.

दादाने अजून मान्य केलेलं नाही. मे महिन्यात येतो, परत जाताना आंब्याच्या पेट्या कणकवली स्टेशनवर माझ्याच गाडीतून जातात, आणि वाटेत तो मला मरीनाचा आजचा बाजारभाव सांगतो. तुमच्या घरीही असं कोणीतरी असणार. त्यांना गाडी बघायला बरोबर न्या, दिवसाउजेडी न्या आणि गालिचा त्यांनाच उचलायला सांगा. गाडीवाला गालिचा उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.