कागद दाखवले, आता डिकीही उघडायची?

प्रश्न : कागवाडहून म्हैसाळमार्गे मिरजेला येताना रात्रीच्या नाकाबंदीत लायसन्स, आरसी, पीयूसी दाखवूनही डिकी उघडायला सांगतात. वॉरंट नसताना हे चालतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कागद तपासणं वेगळं आणि झडती घेणं वेगळं. नाक्यावर दोन्ही एकाच दमात होतं, म्हणून गोंधळ उडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 खाली गणवेशातला पोलीस कागद मागू शकतो, डिजिलॉकरमधलेही चालतात. सामान उचकायचा अधिकार मात्र हे कलम देत नाही.

तो येतो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 मधून (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 165). या संहितेत ‘जागा’ म्हणजे नुसतं घर नव्हे, वाहनसुद्धा. वॉरंट लागत नाही, पण अधिकारी ठाण्याचा प्रमुख किंवा तपास अधिकारी हवा; त्याने हाताखालच्याला पाठवलं तर लेखी आदेश हवा. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू हवा, आणि हवी ती वस्तू याच गाडीत असेल असं का वाटतं, ते आधी लिहिलेलं हवं. ‘केए पासिंगची गाडी आहे’ एवढं कारण पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. दोन पंच लागतात, जप्त मालाच्या यादीची सही केलेली प्रत तुम्हाला मिळायला हवी. कारणांच्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जाते. गाडीमालकाने अर्ज केला की तीच प्रत फुकट मिळते. हा अर्ज कुणी करत नाही, आणि तिथेच चूक होते.

दारू आणि अमली पदार्थांची गोष्ट निराळी. तिथे विशेष कायदे वॉरंटशिवाय कारवाई करू देतात. तरी अमली पदार्थ कायद्याच्या कलम 42 प्रमाणे सूर्यास्तानंतर खासगी गाडी तपासायची तर कारण लिहावंच लागतं. रस्त्यावर उभी खासगी जीप म्हणजे सार्वजनिक जागा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने बूटा सिंग खटल्यात (2021) म्हटलं आणि कलम 42 पाळलं नाही म्हणून आरोपी सुटले.

एरवी मात्र झडती चुकीची होती एवढ्यावरून सापडलेला माल पुराव्यातून बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पूरणमल खटल्यापासून हेच चालत आलं आहे. म्हणून नाक्यावर हुज्जत घालू नका. अडवाअडवी केलीत तर भारतीय न्याय संहितेचं कलम 221 लागतं : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘साहेब, माझी संमती नाही, कोणत्या कलमाखाली बघताय?’ एवढं शांतपणे विचारा, नाव आणि बक्कल नंबर टिपा. आपणहून डिकी उघडलीत तर ती संमती धरली जाते, मग तक्रारीत जोर राहत नाही. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका.

प्रश्न : बॅग तपासतानाही राजपत्रित अधिकारी लागतो ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क देणारं अमली पदार्थ कायद्याचं कलम 50 अंगझडतीपुरतं आहे, बॅगेला किंवा गाडीला नाही. बाईची अंगझडती मात्र बाईनेच घ्यायची.